एका वेळी एकच देश

मंदी आली हे मला चादरींवरून कळलं. दुबईत अल क्वोजला आमची लॉन्ड्री होती, हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल धुणारी. रोज तीन ट्रक भरून यायचे. मग दोन यायला लागले, मग एक, आणि एके दिवशी तो एकही अर्धाच भरून आला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "होटल खाली है बहन, सब गोरा लोग घर गया." टीव्हीवर बँका बुडाल्या असं काहीतरी सांगत होते, ते माझ्या डोक्यावरून गेलं. पण पाहुणा झोपला नाही तर चादर मळत नाही, आणि चादर मळली नाही तर आपलं काय, एवढं मला नीट कळत होतं.

माझं वय तेव्हा तेवीस होतं आणि कागदावर तीस. तिशीच्या आतल्या कमी शिकलेल्या बाईला सरकार सहजी सोडत नाही म्हणून एजंटाने सात वर्षं वरून लावली होती. चौथीपर्यंत शिकलेली, सोलापूरच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालणारी मुलगी एका दिवसात तिशीची बाई झाली. विमानतळावरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, पासपोर्टकडे बघितलं आणि मान हलवली, तेव्हा भीतीने माझं तोंड एवढं सुकलं होतं की मी खरोखरच तिशीची दिसले असणार. आता मी खरी चाळिशीपार झाले आहे आणि कागदावर पन्नाशीला टेकले आहे. लेकीच्या जुन्या वहीतली कोरी पानं उरली होती, त्यांवर हे लिहिते. कुणाला दाखवायचं नाही म्हणूनच लिहायला जमतंय.

आम्ही पंचवीस जणी लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर राहायचो. फिलिपिनो सहा, भारतातल्या आठ, नेपाळी सहा आणि इथिओपियाच्या पाच. आधी कंपनीचा स्वयंपाकी होता. तो सगळ्यांना एकच पिवळी डाळ वाढायचा आणि सगळ्या देशांतून सारख्याच शिव्या खायचा. मंदीत पहिला तोच गेला. सामंतसाहेबांनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरने, आम्हाला गोळा करून सांगितलं, "आजसे अपना अपना पकाओ." किचन होतं एक आणि शेगड्या चार. साहेबांनी दारावर कागद चिकटवला. सहाला फिलिपिनो, पावणेसातला इंडिया, साडेसातला नेपाळ, सव्वाआठला इथिओपिया, आणि नऊला गॅस बंद, कुलूप. खाली हिंदीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : एक समय पर एक ही देश.

हा क्रम साहेबांनी काही विचार करून लावला नव्हता. त्यांनी पगाराची यादी समोर ठेवून उतरवून काढला होता. पगारही असाच होता, पासपोर्ट बघून. तीच चादर, तोच रोलर, पण फिलिपिनो बाईला हजार दिरहम, मला आठशे, "म्हणजे दहा हजार रुपये होतात गं, सोलापुरात कुणी देईल का," असं साहेब मला मोठ्याने हिशोब करून सांगायचे. नेपाळच्या मुलींना सातशे आणि इथिओपियाच्या मुलींना सहाशे. असं का, हे कुणी विचारत नसे. उन्हाळ्यात उकडतं तसंच तेही होतं.

खरं लिहायचं तर मला तो कागद आवडला होता. माझ्या आईच्या गावात आमच्या माणसांना पाणी वरून ओतून द्यायचे, ओंजळीत, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. आई ते सांगताना हसायची, आणि मला तिचं ते हसणं बघवत नसे. अशा घरातली मी, आणि इथे रांगेत माझ्या मागे अकरा जणी उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे कुणी होतं. पावणेसातला दार उघडून आत जाताना माझी मान आपोआप ताठ व्हायची. आज त्याची लाज वाटते, पण वाटायचं ते वाटायचं.

आणि काय ते किचन! सहा वाजता फिलिपिनो मुली व्हिनेगर ओतायच्या, त्याचा वास नाकात मुंगीसारखा चढायचा. सुकी मासळी तळली की सुशीलाक्का पदर नाकाला लावून दारात उभी राहायची आणि तेलुगूत देवाला हाका मारायची. अक्का करीमनगरची, आमच्या भारतीय गटाची पुढारी. तिचा आवाज असा की कुणी भांडी आपटली की अक्का बोलली हे आधी ओळखता येत नसे. आम्ही आत शिरलो की मोहरी तडतडायची, मिरचीचा ठसका उठायचा आणि मग फिलिपिनो मुली बाहेर शिंकायच्या. नेपाळच्या मुली आंबवलेल्या पाल्याची आमटी करायच्या. शेवटच्या पाच जणींपर्यंत शेगडी पोहोचायची तेव्हा आधीच्यांचा उशीर त्यांच्याच वेळेतून कापलेला असायचा. सव्वाआठचे साडेआठ व्हायचे, पावणेनऊ व्हायचे, आणि नऊला कुलूप यायचंच. पहाटे साडेचारला मशीन सुरू व्हायची. कितीतरी दिवस त्या पाच जणी पाव पाण्यात बुडवून खाऊन झोपल्या.

त्यातली अल्माझ माझी जोडीदार. चादरी इस्त्री करायचा रोलर म्हणजे खोलीएवढा लांब तापलेला लोखंडी लाटण्याचा राक्षस. त्याच्या तोंडाशी दोघींनी दोन कोपरे धरून ओली चादर एकदमच सोडावी लागते. एकीचा हात जरा मागेपुढे झाला की चादर तिरकी जाते. म्हणून जोड्या उंची मोजून लावत. अल्माझ आणि मी सगळ्यांत बुटक्या, आमच्याहून बुटकं तिथे कुणी नव्हतं, म्हणून आम्ही जोडी. तिला मोडकं हिंदी येत होतं, मला मोडकं हिंदी येत होतं, आणि दोघींचे मोडलेले तुकडे वेगवेगळे होते, त्यामुळे मिळून बऱ्यापैकी भाषा व्हायची. एकदा तिने माझ्या हातावर तिच्याकडचं काहीतरी ठेवलं, चण्याच्या पिठाचं, लालभडक, लसूण घातलेलं. मी खाल्लं आणि ओरडलेच, "अगं, हे तर पिठलं!" ती म्हणाली, "शिरो." मी म्हटलं, "पिठलं." ती म्हणाली, "शिरो." आम्ही दिवसभर चादर सोडताना एकीने शिरो आणि एकीने पिठलं म्हणायचं, आणि हात बरोबर एकाच वेळी सुटायचा. हसून हसून पोट दुखायचं.

मग एका पहाटे तिने शिरो म्हटलंच नाही. उभ्या उभ्या डोळा लागला होता. आदल्या दिवशी कुलूप लागायच्या आधी तिची शेगडी पेटलीच नव्हती. चादर तिरकी जाऊन रोलरला गुंडाळली, धूर निघाला, मी लाल बटण दाबलं तेव्हा तिची बोटं लोखंडापासून वीतभर लांब होती. सामंतसाहेब धावत आले. चादर दोघींच्या हातून गेली होती, पण बोलणी एकटीला बसली. "एक बार और हुआ ना, तो खलास. घर का टिकट." माझ्याकडे वळून मात्र मराठीत म्हणाले, "तू सांभाळ गं. भाजली नाहीस ना?"

अल्माझ दुपारपर्यंत कामच करत राहिली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "रोलर में मैं और वंदा जोडी. सब लोग जोडी. किचन में क्यों कंट्री? किचन में भी जोडी जाओ." वंदा म्हणजे मी, वंदना. तिचं म्हणणं सोपं होतं. बारा जोड्या आहेत, एका वेळी तीन जोड्यांनी जायचं. आज जी पहिली ती उद्या शेवटची. म्हणजे कुणावरही चार दिवसांत एकदाच पाव खायची पाळी येईल. पंचविसावी अक्का, ती पॅकिंगला एकटी असायची, तिला जोडी नव्हती.

अक्का उसळलीच. "वाह रे वाह! मैं किधर जाऊँ फिर? छत पे?"

"तुम कोई भी टाइम आओ, मम्मी," अल्माझ म्हणाली. अक्काला मम्मी म्हणणारी ती एकटीच होती, आणि अक्काला त्याचा फार राग यायचा.

"मम्मी होगी तेरी! मेरे सांबार में मच्छी का पानी उडा तो कौन देखता?"

तासभर सगळ्या एकदम बोलत होत्या. शेवटी जॉय टेबलावर चढली. जॉय फिलिपिनो मुलींमधली थोरली, रोलरवर काम करून मोकळ्या वेळात पाहुण्यांच्या शर्टांची तुटलेली बटणं लावून द्यायची. तिने हातातली बटणांची बरणी खुळखुळवली. "नो शाउटिंग! व्होट!" आम्हा पंचवीस जणींची लिपी एक नव्हती, काहींना कुठलीच येत नव्हती. तिने ते बटणांनी सोडवलं. दोन भोकांचं बटण म्हणजे जोडी. चार भोकांचं बटण म्हणजे चार देश, जुना कागद. प्रत्येकीला दोन्हींतलं एक एक द्यायचं. पडद्यामागे उशीचा अभ्रा टांगलेला असेल आणि शेजारी बरणी. जे हवं ते अभ्र्यात टाकायचं, नको ते बरणीत. बोटाला भोकं लागतात, बघायचीही गरज नाही.

सामंतसाहेबांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "डेमोक्रसी! करो, करो. जो जीतेगा वही लिस्ट लगेगी." संध्याकाळी स्वतः खुर्ची टाकून बसले. मला बाजूला बोलावून म्हणाले, "फिलिपिनो सहा, आपल्या आठ, चौदा झाल्या. त्या अकरा. निकाल मी आत्ताच सांगतो तुला." मग जरा आवाज उतरवून, "तू आपली आहेस वंदना. पुढे मंदीत कुणाला ठेवायचं, कुणाला पाठवायचं, ते शेवटी मलाच लिहायचंय ना?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घर शारजाला, अल मजाजला होतं; मुलाचा आवाज बाहेरपर्यंत आला. "बाबा, व्हेन आर यू कमिंग?"

"येतो रे सोन्या, इथे इलेक्शन चाललंय."

"व्हॉट इलेक्शन?"

"शेगडीचं."

"बाबा, यू आर सो वियर्ड."

सगळ्या हसल्या. कुणाला कळलं, कुणाला नाही, पण सगळ्या हसल्या. त्या संध्याकाळी हवेतच काहीतरी चढलं होतं. आमच्यातल्या कित्येक जणींनी आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं. मी तर नाहीच. खरं वय अठरा झालं तेव्हा यादीत नाव नव्हतं आणि मग मी कागदावर भलतीच मोठी होऊन परदेशी गेले. नेपाळची माया ओठांना लाली लावून आली. अक्का केसांत कापडाचं फूल खोवून आली, "लोगाँ इलेक्शन को ऐसाइच जाते," म्हणत. एकेक बाई पडद्यामागे जायची आणि परीक्षेचा पेपर सोपा गेल्यासारखी बाहेर यायची.

माझी पाळी आली. पडद्यामागे अंधूक होतं, साबणाचा वास होता आणि तो पांढरा अभ्रा. माझ्या दोन मुठींत दोन बटणं. एकीकडे साहेबांचं "तू आपली आहेस", एकीकडे अल्माझची बोटं. मी लहानपणापासून कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. कुणी दोन वेळा वाढलं तर दोन वेळा खायचं, अशी मी. हात अभ्र्यात घातला आणि चार भोकांचं सोडलं. मग रडू आलं, म्हणून दोन भोकांचंही सोडलं. बाहेर आले तेव्हा सगळ्यांना खूश केल्यासारखं मला छान हलकं वाटत होतं. इतकी मी वेडी होते!

जॉयने अभ्रा टेबलावर उलटा केला आणि बटणं दोन ओळींत मांडली. तेरा दोन भोकांची. तेरा चार भोकांची. जॉयच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ट्वेंटी सिक्स. वी आर ट्वेंटी फाइव्ह. समबडी पुट टू!"

मग जो गोंधळ उडाला! आणि सगळ्या माना आपोआप एकीकडे वळल्या, त्या पाच जणींकडे. अक्का म्हणाली, "ये इनाँ का काम है. जिसकी गरज, वोच डाली." अल्माझने दोन्ही हात पुढे केले, रिकामे, तळवे वर. साहेब उठले, खिशात फोन टाकला. "बस, यल्ला, चलो सब. इलेक्शन कॅन्सल. पुराना लिस्ट रहेगा."

माझा मोठा आवाज त्या खोलीत कुणी ऐकलेला नव्हता. मी बोलले तेव्हा शेजारची माया दचकली. "मैंने डाला. दोनों. मैंने."

साहेब म्हणाले, "दोनों? दोन्ही कशाला गं टाकलीस?"

"कुणाला वाईट वाटू नये म्हणून," मी म्हटलं, आणि ते जॉयने कुणाकडून तरी समजून घेतलं आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. खांदे हलत होते तिचे. मग डोळे पुसून तिने प्रत्येक ओळीतलं एक बटण उचललं. बारा आणि बारा. दोन्ही बटणं तळहातावर ठेवून माझ्यासमोर आणली. "ओके दार्लिंग. नाऊ वन."

चोवीस जणींचं मत गुप्त, माझं एकटीचं उघड्यावर. साहेब मराठीत, अगदी मायेने म्हणाले, "घाबरू नकोस. चार भोकांचंच ना? सांगून टाक आणि मोकळी हो." कानात रोलर फिरत होता. मी अल्माझकडे बघितलं. तिने तळवे अजून तसेच धरले होते, ओंजळ केल्यासारखे, आणि मला तिथे उभं राहवेना. मी जॉयच्या हातातून बटण उचललं, दोन बोटं वर केली, आणि ती हलवतच राहिले. दोन. दोन. दोन.

इथिओपियाच्या मुली जीभ हलवून असा काही लांब किलकिलाट करतात की काचा थरथरतात. तो सुरू झाला. नेपाळच्या मुली टाळ्या वाजवत नाचायला लागल्या, आणि हरलेल्या फिलिपिनो मुलींनीही नाच चांगला चाललाय बघून त्यात उड्या घेतल्या. कुणीतरी मला उचललं. मी सगळ्यांत बुटकी, त्यामुळे मला उचलणं सोपं. वरून मला साहेबांचं टक्कल दिसलं, ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि मला इतकं हसू आलं की मी उचकी लागेपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवसापासून साहेब माझ्याशी मराठी बोलले नाहीत. "ए, ये ट्रॉली हटाओ," असं हिंदीत, इतरांसारखंच. मला वाटलं होतं त्याचं फार वाईट वाटेल. ट्रॉली हटवताना लक्षात आलं, आता मीही इतरांतली एक झाले. पुढच्या वर्षी माझं नाव घरी जाणाऱ्यांच्या यादीत आलं, ते त्यामुळे की मंदीमुळे, कोण जाणे. पगार तर कुणाचेच सारखे झाले नाहीत. शेगडीवर आम्ही मत दिलं, पगारावर आम्हाला कोण विचारणार होतं. पण अल्माझ राहिली. मी असेपर्यंत तिची चादर पुन्हा तिरकी गेली नाही.

त्याच संध्याकाळी, नाच थांबायच्या आतच, जॉयने जाहीर केलं की पहिला दिवस बुटक्यांपासून. म्हणजे आम्हीच! अल्माझ आणि मी एका शेगडीवर, मागच्या दोन शेगड्यांवर दुसऱ्या जोड्या, आणि चौथ्या शेगडीवर अक्का. तिला जोडी नव्हती, ती केव्हाही येऊ शकत होती, आणि ती पहिल्याच पाळीला आली, "भूक लगी, क्या करूँ," म्हणत. मी भात ठेवला, अल्माझने पीठ कालवलं. व्हिनेगर, मोहरी, लसूण, सगळे वास एकदम उठले आणि सगळ्या एकदम शिंकल्या. दारात उरलेल्या सगळ्या गर्दी करून "यल्ला, यल्ला!" ओरडत होत्या.

भात ढवळता ढवळता मी बोटांच्या पेरांवर मोजायला लागले, उगाच, आनंदात. नेपाळच्या सहा. इथिओपियाच्या पाच. अकरा. आणि मी, बारा. पण दोन भोकांची बटणं तेरा झाली होती. मी पुन्हा मोजलं. तेरा झाली म्हणूनच तर आम्ही इथे होतो. म्हणजे ज्यांची पाळी आधी होती त्यांच्यातल्या कुणीतरी, पडद्यामागे, कुणी उचलून नाचवणार नाही हे माहीत असताना, माझ्याही आधी आपली पाळी सोडून दिली होती. मी मान वळवून एकेकीचं तोंड बघितलं. शेवटी अक्कावर नजर थांबली. केसांतलं फूल घामाने लोंबत होतं, आणि ती अल्माझच्या भांड्यात डोकावून, न विचारता, त्यात मिठाची चिमूट टाकत होती.

माझी नजर लागली तशी ती वसकन ओरडली, "मेरे को क्या देखती रे? चावल को देख!"

मी भाताकडे बघितलं. भात खरंच खाली लागत होता.